'काल्पनिक' कविता आणि खरी माणसे : 'रमणन'च्या निमित्ताने

रोमँटिक काव्यप्रवृत्तीला भारतीय भाषांनी आपापल्या परीने नावे दिली. मराठीत 'सौंदर्यवाद', 'स्वच्छंदतावाद' असे पर्याय योजले गेले, तरी 'रोमँटिक' हाच शब्द समीक्षेत अधिक रुळला. मल्याळममध्ये मात्र 'काल्पनिक' हा शब्द रूढ झाला. मल्याळी अभ्यासकाला त्यात कल्पनाशक्तीचे स्वातंत्र्य अभिप्रेत असते. मराठी वाचकाला त्याच शब्दात 'प्रत्यक्षात नसलेले' हा अर्थ आधी ऐकू येतो. या दोन अर्थांतील अंतर मल्याळम कवितेच्या इतिहासातील एक विरोधाभास लक्षात आणून देते. ज्या कवितेला 'काल्पनिक' म्हटले गेले, तिच्यातील माणसे खरी आहेत असा विश्वास तिच्या वाचकांनी जितका बाळगला, तितका तो वास्तववादी म्हणविणाऱ्या कादंबरीविषयीही क्वचितच बाळगला असेल. चंगम्पुळा कृष्ण पिळ्ळा यांचे 'रमणन' (१९३६) हे या विश्वासाचे सर्वांत मोठे उदाहरण होय. त्या विश्वासाने कवितेला काय दिले आणि तिच्यापासून काय हिरावून घेतले, हा प्रश्न केवळ केरळपुरता मर्यादित नाही. परंतु केरळात तो जितक्या तीव्रतेने उभा राहिला तितका अन्यत्र क्वचितच राहिला.

मल्याळममधील नवी कविता विलापाच्या वाटेने आली, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. संस्कृत महाकाव्याच्या चौकटीत वाढलेल्या कवीला 'मी' म्हणण्याची मुभा प्रथम मृत्यूने दिली. सी. एस. सुब्रह्मण्यन पोट्टी यांनी कन्येच्या मृत्यूनंतर 'ओरु विलापम्' लिहिले, ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांची श्रवणशक्ती गेली, तेव्हा त्या आघातातून 'बधिरविलापम्' जन्माला आले. कुमारन आशान यांनी 'केरळपाणिनीयम्' या व्याकरणग्रंथाचे कर्ते ए. आर. राजराज वर्मा यांच्या निधनानंतर 'प्ररोदनम्' (१९१९) रचले, आणि नालप्पाट्टु नारायण मेनन यांनी पत्नीच्या मृत्यूचे दुःख 'कण्णुनीर्तुळ्ळि', म्हणजे 'अश्रुबिंदू', या काव्यात मांडले. या सर्व रचनांना प्रत्यक्ष घटनेचा आधार आहे आणि तो कवींनी लपविलेलाही नाही. मात्र यांपैकी एकाही काव्याचा वाचक घटनेपाशी अडकून पडत नाही. नालप्पाट्टु यांच्या काव्यात पत्नीचा मृत्यू हा विचाराचा आरंभबिंदू ठरतो आणि दुःख हळूहळू जन्ममरणाच्या चिंतनात विरघळते. 'प्ररोदनम्'मध्ये एका विद्वानाच्या चितेपुढे उभा राहिलेला कवी विद्या, कीर्ती आणि देह यांच्या नश्वरतेचा हिशेब मांडतो. घटना ही येथे दारासारखी आहे. वाचक त्यातून आत जातो आणि दाराकडे वळून पाहत नाही.

आशान यांच्या आख्यानकाव्यांत जीवन याहून वेगळ्या रीतीने उतरले आहे. त्यांचा जन्म १८७३चा. श्रीनारायण गुरूंच्या सहवासात त्यांच्या तारुण्याचा मोठा भाग गेला. आश्रमीय वर्तुळात ते 'चिन्नस्वामी', म्हणजे धाकटे स्वामी, म्हणून ओळखले जात. बंगळूर आणि कलकत्ता येथे त्यांनी अध्ययन केले, आणि १९०३मध्ये स्थापन झालेल्या श्रीनारायण धर्म परिपालन योगाचे चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळले. विवाह त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर केला. १९०७मध्ये प्रसिद्ध झालेली 'वीण पूवु', म्हणजे 'गळून पडलेले फूल', ही कविता मल्याळम काव्यातील नव्या युगाची नांदी मानली जाते. त्या फुलामागे गुरूंच्या आजारपणाची छाया शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. तो खरा असो वा नसो, कवितेचा प्रत्यय त्यावर अवलंबून नाही. गळलेल्या फुलात भोगलेले आयुष्य, सरलेले तारुण्य आणि अटळ अंत ही सर्व इतक्या स्पष्टपणे दिसतात की त्याच्या जागी एका विशिष्ट व्यक्तीला बसविले तर कविता उलट आकसते.

'नलिनी' (१९११) या काव्यात बालपणीच्या सख्याचा ध्यास घेतलेली नायिका त्याला अखेर भेटते ती तो संन्यासी झाल्यावर, आणि त्या भेटीतच तिचे आयुष्य संपते. आशान यांच्या स्वतःच्या आयुष्यात वैराग्य आणि अनुराग यांचा जो झगडा चालू होता, तो येथे उघड आहे. पण त्याला कोणत्याही एका घटनेचे नाव देता येत नाही. त्यांचा स्वतःचा विवाह या काव्यानंतर काही वर्षांनी झाला, त्यामुळे संसाराच्या आठवणी त्यात शोधणेही व्यर्थ ठरते. कवीने प्रसंग उचललेला नाही, आपल्या जगण्यातील द्वंद्व उचलले आहे, आणि त्याच्या दोन बाजू दोन स्वतंत्र व्यक्तींना वाटून दिल्या आहेत. यातूनच त्यांच्या काव्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य आकाराला येते, ते म्हणजे स्त्रीचा आवाज. 'नलिनी', 'लीला', 'चिंताविष्टयाय सीता' या शीर्षकांतच नायिकांची नावे आहेत. त्या प्रेम करतात, प्रश्न विचारतात, आणि 'सीता'मध्ये तर वनवासातील स्त्री रामाच्या निर्णयाची मनोमन चिकित्सा करते. १९२१च्या मलबारमधील उठावाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या 'दुरवस्था'तही सावित्री ही नंबूदिरी तरुणी चात्तन या पुलय तरुणाच्या झोपडीत आश्रय घेते आणि पुढचा निर्णय स्वतः करते. इतिहासातील प्रत्यक्ष घटना इतकी जवळ असूनही काव्याचे केंद्र तिच्या निर्णयात राहते.

आशान यांचा अंत जानेवारी १९२४मध्ये पल्लना येथील बोटीच्या अपघातात झाला. पुढच्या बारा वर्षांत मल्याळम कवितेतील रोमँटिक प्रवृत्तीचे रूप बदलले. चिंतन मागे पडले, गेयता पुढे आली. वैराग्याशी झगडणाऱ्या अनुरागाच्या जागी दारिद्र्याशी आणि निराशेशी झगडणारे तरुण प्रेम आले. या बदलाचे केंद्र कोचीलगतचे इडप्पळ्ळी हे गाव होते. तेथील दोन तरुण कवी, इडप्पळ्ळी राघवन पिळ्ळा (१९०९-१९३६) आणि चंगम्पुळा कृष्ण पिळ्ळा (१९११-१९४८), मल्याळम साहित्याच्या इतिहासात 'इडप्पळ्ळीचे कवी' म्हणून जोडीने उल्लेखिले जातात. दोघेही गरिबीत वाढले, दोघांच्याही कवितेत विषादाचा सूर प्रबळ होता, आणि दोघांमध्ये मैत्रीबरोबरच काव्यस्पर्धाही होती. राघवन पिळ्ळा यांचे एका सधन घरातील मुलीवर प्रेम होते. ते सफल होण्याची शक्यता नव्हती. गाव सोडून ते उपजीविकेसाठी बाहेर पडले आणि जुलै १९३६मध्ये कोल्लम येथे त्यांनी आपले जीवन संपविले. वय होते अवघे सत्तावीस. त्याच वर्षी पंचवीस वर्षांच्या चंगम्पुळांनी मित्राच्या स्मृतीला अर्पण केलेले 'रमणन' प्रसिद्ध केले.

या काव्यात प्रत्यक्ष जीवनाचे काय झाले, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. चंगम्पुळांनी पाश्चात्त्य परंपरेतील गोपविलापिकेचा घाट स्वीकारला. कथा संवादांतून पुढे सरकते, गायकवृंद निवेदन करतो आणि सारे काही वनराईच्या, ओढ्यांच्या आणि कळपांच्या सान्निध्यात घडते. रमणन हा गरीब मेंढपाळ, चंद्रिका ही धनिकाची कन्या, मदनन हा रमणनचा सखा. इडप्पळ्ळीतील माणसे या वेषात सहज ओळखू येतात, आणि कवीने ती ओळखू यावीत अशीच व्यवस्था केली आहे. पण वेषांतर करताना तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे दारिद्र्य. नोकरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या शिकलेल्या तरुणाचे दारिद्र्य अपमानाचे असते. मेंढपाळाचे दारिद्र्य काव्यात निसर्गाच्या सहवासामुळे जवळजवळ ऐश्वर्यासारखे भासते. दुसरी म्हणजे विरोध. प्रत्यक्षात जो संपत्तीचा आणि घराण्याच्या प्रतिष्ठेचा व्यवहार होता, तो काव्यात राजवाडा आणि रान यांच्यातील सनातन अंतर बनतो. तिसरा बदल सर्वांत अर्थपूर्ण आहे. राघवन पिळ्ळा हे कवी होते, 'तुषारहारम्'सारखा संग्रह त्यांच्या नावावर होता. रमणन गातो, बासरी वाजवितो, परंतु तो कवी नाही. कवीचा मृत्यू गोपाच्या मृत्यूत रूपांतरित झाला, आणि त्याच्यासाठी विलाप करण्याचा अधिकार जिवंत राहिलेल्या मित्राकडे आला.

हे रूपांतर काव्यदृष्ट्या विलक्षण यशस्वी ठरले, याविषयी दुमत नाही. मल्याळमच्या देशी छंदांना चंगम्पुळांनी जी गेयता दिली, तिने अल्पशिक्षित वाचकालाही काव्याच्या दारी आणले. 'रमणन'च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या; ज्यांना पुस्तक घेणे परवडत नव्हते त्यांनी ते हाताने उतरवून घेतले. केडामंगलम सदानंदन यांनी कथाप्रसंगम्, म्हणजे केरळातील गायनमिश्रित कथाकथन, या प्रकारातून 'रमणन' गावोगाव पोचविले. १९६७मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि प्रेम नझीर यांच्या चेहऱ्याने रमणन पुन्हा घराघरांत गेला. जोसेफ मुंडश्शेरी यांच्यासारख्या समीक्षकाला या लोकप्रियतेची दखल घ्यावी लागली, आणि सुकुमार अळिक्कोड यांनी तर 'रमणन आणि मल्याळम कविता' या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एखाद्या काव्याचे इतके भाग्य क्वचितच असते.

या भाग्याची दुसरी बाजूही आहे. वाचकांनी 'रमणन' विलापिका म्हणून वाचले तितकेच एखाद्या खटल्यातील साक्षीसारखेही वाचले. एक तरुण मरण पावला होता, मित्राने साक्ष दिली होती आणि वाचक न्यायासनावर बसले होते. निकाल लागायला वेळ लागला नाही. 'चंद्रिका' हे नाव विश्वासघाताचे पर्यायवाचक झाले, आणि त्या नावामागच्या खऱ्या स्त्रीविषयी कुजबुज पिढ्यानपिढ्या चालू राहिली. तिचे म्हणणे काय होते, तिच्यावर घरच्यांचा दबाव किती होता, मुळात तिला निवड करण्याची मुभा होती का, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. काव्याने उत्तर दिले आहे असे गृहीत धरले गेले.

परंतु काव्य खरोखर हेच उत्तर देते का? 'रमणन'मधील जे गीत केरळात सर्वाधिक गायिले गेले, ते रमणनचे विरहगीत नसून चंद्रिकेची विनवणी आहे. रानाच्या सावलीत कळप चारायला तिलाही त्याच्यासोबत यायचे आहे. वाडा, दागिने, दासी हे सर्व सोडून येण्याची तयारी ती दाखविते, आणि मागे सरतो तो रमणन. तिच्या कुळाचा, तिच्या सुखाचा, लोकांच्या बोलण्याचा विचार करून तो तिला परत पाठवितो. त्याचा हा संयम उदात्त वाटतो, आणि काव्यालाही तो तसाच वाटावा असे हवे आहे. तरीही एका निर्णायक क्षणी तिने पुढे केलेला हात त्याने नाकारला, ही गोष्ट संहितेत नोंदलेली आहे. पुढे आईवडिलांच्या आग्रहापुढे चंद्रिका वाकते आणि समोर आलेले सुखी आयुष्य भोगण्याचा निर्धार करते, तेव्हा कवी तिला स्वार्थाची भाषा देतो. वाचकांनी हा दुसरा आवाज तेवढा ध्यानात ठेवला. पहिला आवाज त्यांनी ओठांवर खेळविला, पण तो कोणाचा आहे आणि त्याला उत्तर काय मिळाले, हे ते विसरले. ज्या काव्यात दोन्ही बाजू होत्या, त्यातून एकच बाजू उरली, कारण प्रत्यक्ष घटनेचा निकाल वाचक घरूनच घेऊन आले होते.

आशान यांच्या काव्यांशी तुलना केली की येथील हानी अधिक स्पष्ट होते. तेथे शीर्षकात नायिका आहे, येथे नायक. तेथे द्वंद्व दोघांच्या अंतरंगात आहे, येथे दोष आणि निर्दोषत्व अशी वाटणी झाली आहे. हा फरक दोन कवींच्या प्रतिभेतील अंतरापुरता नाही. आशान यांनी जीवनातून प्रश्न घेतला होता. चंगम्पुळांनी ताजी, रक्त न सुकलेली घटना घेतली, आणि तीही मित्राची बाजू घेऊन. विलापिकेला बाजू घ्यावीच लागते. शोक करणारा निःपक्षपाती नसतो. त्यामुळे चंगम्पुळांना दोष देणे अन्यायाचे होईल. शोकाला निवाडा समजणाऱ्या वाचनाची जबाबदारी मात्र वाचकांवर आणि काही प्रमाणात समीक्षेवरही येते.

या वाचनाचा दुसरा बळी खुद्द राघवन पिळ्ळा यांची कविता ठरली. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या 'मणिनादम्' या कवितेत त्यांनी मृत्यूच्या घंटेचे आवाहन ऐकले आहे. ती आजवर अखेरचे पत्र म्हणून वाचली गेली; तिच्यातील लयीचे नियंत्रण, प्रतिमांची काटकसर, स्वतःच्या वेदनेकडे क्षणभर दुरून पाहण्याची क्षमता यांकडे फारसे लक्ष गेले नाही. ज्या कवीला मित्राने गोप केले, त्याला वाचकांनी एका प्रेमकथेचा नायक करून टाकले. त्यांच्या कवितेतील विषादाला केवळ विफल प्रेमाचे कारण देणे म्हणजे तीसच्या दशकातील शिकलेल्या तरुणांचे दारिद्र्य, बेकारी आणि सामाजिक अवहेलना यांना त्या कवितेतून पुसून टाकणे होय.

चंगम्पुळांना स्वतःलाही 'रमणन'ची किंमत मोजावी लागली. पुढे त्यांनी 'वाळक्कुल'सारखी कविता लिहिली, जिच्यात शेतमजुराने मुलाबाळांच्या आशेवर जोपासलेला केळीचा घड जमीनदार उचलून नेतो. काही काळ ते पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होते, नंतर कायद्याचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून केरळात परतले, आणि १९४८मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. 'स्पंदिक्कुन्न अस्थिमाडम्'मधील तप्त निराशेपर्यंत त्यांची कविता बरीच दूर गेली होती. तरी लोकमानसात ते मदननच राहिले, आणि त्यांच्या प्रत्येक पुढच्या प्रेमकवितेत वाचक पुन्हा एखाद्या खऱ्या नावाचा शोध घेत राहिले. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एका नाट्यात्म कवितेची प्रेरणा लाभलेल्या 'मोहिनी'सारख्या रचना पाहता कवीची कल्पनाशक्ती ग्रंथांतूनही किती पोसली गेली होती हे दिसते. परंतु अनुभवाचा पुरावा मागणाऱ्या वाचकाला ग्रंथांचे ऋण फारसे रुचत नाही.

'रमणन' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १९३६मध्ये, मल्याळममध्ये आणखी एक कविता छापली गेली : वैलोप्पिळ्ळि श्रीधर मेनन यांची 'माम्पळम्', म्हणजे 'पिकलेला आंबा'. वैलोप्पिळ्ळि यांचा जन्मही १९११चा आणि तेही कोची परिसरातलेच. आंब्याचा मोहोर तोडल्याबद्दल आई लहानग्याला रागावते. फळे पिकेपर्यंत मूल या जगात राहत नाही, आणि पहिला पिकला आंबा आई अंगणात त्याला पुरले तेथे नेऊन ठेवते. कवीच्या धाकट्या भावाच्या अकाली मृत्यूची स्मृती या कवितेमागे आहे असे सांगितले जाते. तसे असेल तर कवीने काय केले ते पाहावे. भावाचे दुःख त्याने आईच्या स्वाधीन केले आणि स्वतः कवितेतून बाजूला झाला. कवितेत दोषही आहे, रागावणाऱ्या आईचा. पण वाचक तिच्यावर निकाल देत नाही, कारण तिचा पश्चात्ताप तिच्याच बाजूने, तिच्याच अंगणात उभे राहून पाहिलेला आहे. या कवितेने केरळातील कितीतरी वाचकांचे डोळे भरून आणले, तरी तिच्यातील आई कोण हे शोधायला कोणी गेले नाही.

दोन्ही कविता खऱ्या मृत्यूंच्या सावलीत वाढल्या. एकीने वाचकाला शोकात सामील करून घेतले, दुसरीच्या वाचकाने शोकाचा आरोप केला. यावरून प्रत्यक्ष प्रेरणेचा शोध निरर्थक ठरतो असे नाही. राघवन पिळ्ळा यांचा मृत्यू माहीत नसेल तर 'रमणन'मधील मदननच्या आक्रोशाची धार कळणार नाही. आशान यांचे आश्रमीय जीवन माहीत नसेल तर दिवाकर आणि नलिनी यांच्या भेटीतील ताण अपुरा राहील. एम. के. सानू यांनी चंगम्पुळा आणि आशान या दोघांवरही जे चरित्रात्मक लेखन केले, त्याचे मोल याच कारणासाठी आहे. चरित्र कवितेकडे जाण्यासाठी वापरायचे असते. कवितेवरून खऱ्या माणसांचे चरित्र लिहू लागणे, आणि तेही ज्यांना उत्तर देण्याची संधी नव्हती त्यांचे, ही वेगळी गोष्ट आहे.

इडप्पळ्ळी आता कोची महानगराचा गजबजलेला भाग आहे, आणि २०१७मध्ये सुरू झालेल्या तेथील मेट्रोच्या एका स्थानकाला चंगम्पुळा पार्कचे नाव आहे. 'रमणन'मधली माणसे कोण, हे आता सांगूनही फारसा फरक पडणार नाही. या काव्याला आज खऱ्या अर्थाने 'काल्पनिक' म्हणून वाचता येईल अशी वेळ आली आहे, म्हणजे खोटे म्हणून नव्हे, तर दोषी शोधण्याच्या घाईतून मोकळे होऊन. तसे वाचले तर रानाच्या सावलीत सोबत येऊ देण्याची चंद्रिकेची विनवणी पुन्हा ऐकू येईल, आणि तिला मिळालेल्या नकारासह ऐकू येईल. राघवन पिळ्ळा यांची कविताही मग प्रेमकथेच्या तळटीपेतून बाहेर येईल, आणि गोपाच्या वेषामागे दडलेला कवी त्याच्याच शब्दांत भेटेल.